गादी उसवायची नाही

दुर्गाबाईंनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं, त्या गादीवर बसू नका. पहिल्यांदा साधं सांगितलं, दुसऱ्यांदा दातओठ खाऊन सांगितलं आणि तिसऱ्यांदा हातातलं मुसळ उखळात आपटून सांगितलं. तरी खुशालराव गादीच्या मधोमध मांडी ठोकून बसले होते आणि अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"घरात बाज हाय, घोंगड्या हायेत, एवढा मोठा ओटा हाय. तुमाले बसाले हेच गादी सापडली?"

"माह्या घरात मी कुठीबी बसन."

"घर तुमचं असन. गादी माही हाय."

हे मात्र अगदी खरं होतं. चांदूर बाजाराजवळच्या त्या गावात खुशालरावांची काळी जमीन होती, चार बैल होते, दोन विहिरी होत्या. पण त्या सगळ्यात दुर्गाबाईंनी 'माझं' म्हटलेली वस्तू एकच, ही गादी. दर वर्षी सीतादहीच्या दिवशी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवून बाया कापसाची पहिली बोंडं वेचतात. त्या पहिल्या वेचणीतला पदरभर कापूस दुर्गाबाई तेवढा बाजूला काढायच्या. अशी तीन वर्षं त्यांनी तो साठवला. रेचा फिरवून सरकी स्वतःच्या हाताने काढली, पिंजाऱ्याला समोर बसवून रुई पिंजून घेतली, मांजरपाटाची पांढरीशुभ्र खोळ शिवली आणि गादी भरली.

याला कारण होतं. दुर्गाबाई स्वतः लग्न होऊन आल्या तेव्हा आईबापांनी बरोबर एक घोंगडी दिली होती. त्यावर सासूने अठरा वर्षं एकच वाक्य ऐकवलं, "कापूसवाल्याची लेक, अन् आली भुईवर निजाले." सासू गेली. वाक्य गेलं नाही. आपल्या मनकर्णाला हे ऐकावं लागू नये एवढीच दुर्गाबाईंची हौस होती. मनकर्णाचं लग्न लहानपणीच अकोल्याच्या चंद्रभानजींच्या मुलाशी झालं होतं, आणि आज दुपारी सासरची माणसं तिला न्यायला येणार होती. त्यातून विहीणबाईंचा, माणिकबाईंचा निरोप आलेला, "तुमच्या गादीची कीर्ती अकोल्यावरी आली. पाहाले मीच येतो."

म्हणून दुर्गाबाईंना ती गादी उन्हात टाकून, उलटीपालटी करून, झटकून ठेवायची होती. आणि म्हणूनच खुशालराव तिच्यावरून उठत नव्हते.

"उठता का तुमच्यासकट उचलू?" दुर्गाबाईंनी पदर खोचला आणि गादीच्या कडेखाली हात घातला.

खुशालराव असे दचकले की अडकित्ता सुपारीऐवजी बोटावर मिटला.

"आई वं!" म्हणून ते उठले आणि त्यांनी हात झटकला. बोट धरून गप्प बसते तर गादीवर चार थेंब पडले असते. या माणसाला दुखलं की राग येई आणि राग आला की हात झटकायची सवय. चाराचे चाळीस झाले. पांढऱ्याशुभ्र मांजरपाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रक्ताचा सडा पडला.

"हात वर धरा! वर! गादीच्या बाहीर!"

"मी अथी मरून राहिलो अन् तुले गादीची पडली!"

"बोटानं कोणी मरत नाई. आदी खाली उतरा!"

मनकर्णा धावत हळद घेऊन आली. तिने बापाच्या बोटावर चांगली मूठभर हळद दाबली, वर चिंधी बांधली. दुर्गाबाई गादीकडे बघत उभ्या होत्या. लेकीच्या पाठवणीच्या दिवशी तिच्या गादीवर रक्त! विहीण दारात आली तर पहिली नजर तिथेच जाणार आणि अपशकुन म्हणून पहिलं बोट तिथेच ठेवणार. पण दुर्गाबाई रागीट असल्या तरी घाबरट नव्हत्या. त्यांनी लगेच हिशेबी आवाजात सांगितलं, "रक्त ताजं हाय, जाते. मनकर्णे, विळा आन. खोळ उसवतो, गार पाण्यात मीठ टाकून भिजू घालतो. घडीभरानं चोळली का साफ. उन्हात वाळली का पुन्हा भरून शिवतो. दुपारवरी काम होते."

उपाय अगदी बरोबर होता. गार पाणी, मीठ आणि दोन हात. तेवढं करू दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"खबरदार!" खुशालराव गरजले. "गादी उसवाची नाई!"

आता हे का गरजले ते वाचकांना सांगून टाकतो, कारण अशा माणसाचं पाप झाकून ठेवायला मी काही त्यांचं देणं लागत नाही.

झालं असं, की पौषात दुर्गाबाई आठ दिवस मोर्शीला भावाकडे गेल्या होत्या. तिकडे दूर अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि त्यापायी इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आलेले. अमरावतीच्या बाजारात सकाळचा भाव संध्याकाळी शिळा होत होता. माणसं येडी झाली होती. खुशालरावांनी गाडी भरली, तर शेजारच्या जानरावांच्या गाडीवरचा ढीग यांच्यापेक्षा हातभर उंच! हे त्यांना सोसवेना. त्यातच बाजारात कोणीतरी त्यांच्या कानात मंत्र फुंकला होता, "गादीतला कापूस म्हंजे निजलेला कापूस. त्याले उठवा!" झालं. घरी कोणी नाही असं बघून खुशालरावांनी गादी खालच्या बाजूने उसवली, तीन वर्षांची पहिली वेचणी उपसून गाडीवर चढवली, गादीत तुरीचं कुटार, म्हणजे मळणीतला भुसा, कोंबलं, वरून दिसायला रुईचा एक पातळ थर पसरला आणि पोती शिवायच्या दाभणाने तोंड शिवून टाकलं. आलेल्या पैशांतून आपल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करून घेतल्या. "अडत्यानं भेट देल्ल्या," असं बायकोला सांगितलं. बैलाच्या शिंगावर चांदी आणि लेकीच्या पाठीखाली बैलाचं खाणं! अशा माणसाला काय म्हणावं ते ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे म्हणावं.

"काहून उसवाची नाई?" दुर्गाबाईंनी विचारलं.

खुशालरावांना उत्तर सुचलं, आणि फार वाईट सुचलं.

"पाठवणीच्या दिवशी लेकीची गादी उसवली का लेकीचा संसार उसवते. जुने लोक सांगून गेले."

"मी तं नाई ऐकलं कधी."

"तू सारंच ऐकलं का? उसव मंग! पोरीचं काई झालं का मले नोको सांगू!"

दुर्गाबाईंचा हात थांबला. देवाधर्माच्या नावाने कोणी धमकावलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, पण हे लेकीच्या संसाराचं होतं. त्यांनी विळा खाली ठेवला आणि मनातल्या मनात देवीला हात जोडले, की ही गादी न उसवता साफ होऊ दे. इकडे त्यांचा धनी आपल्या हुशारीवर खूश होऊन मिशीवरून हात फिरवत होता. चिंधी बांधलेला हात फिरवल्यामुळे मिशी अर्धी पिवळी झाली.

"आता पाहा मी कसा वरच्यावर धुतो," खुशालराव म्हणाले. चुलाण्यावर अंघोळीचं पाणी खदखदत होतं. दुर्गाबाई 'अहो, गार पाणी' म्हणेपर्यंत त्यांनी अख्खी घागर गादीवर ओतली. वाफ उठली. वाफ विरल्यावर दिसलं, की मघाचे लाल डाग आता विटकरी झाले आहेत आणि कापडाला असे चिकटले आहेत की नखानेही हलत नाहीत.

"रक्त शिजवलं!" दुर्गाबाई किंचाळल्या. "अहो, रक्ताले कधी कढत पाणी घालते का? रक्त शिजवलं तुमी! अंड्यावानी घट्ट झालं ते आता!"

"घाण कढत पाण्यानं जाते. मले काय समजत नाई?"

"नाई समजत! लग्न झालं तवापासून मी तेच सांगून राहिली!"

रागाच्या भरात दुर्गाबाईंनी पुन्हा विळा उचलला. अपशकुन तर अपशकुन, निदान कडेची शिवण तरी ढिली करू, असं म्हणून त्या वाकल्या. खुशालरावांनी झेप घेतली आणि दोन्ही हातांनी गादी दाबून धरली. गादी ओली, बोटावरची चिंधी सुटलेली, हळद तळहातभर पसरलेली. त्यांनी हात उचलला तेव्हा गादीच्या ऐन मधोमध पिवळाजर्द पंजा उमटला होता. पाचही बोटं स्वच्छ मोजता येत होती.

मनकर्णाने तोंडावर पदर घेतला. ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता.

शेवटी नत्थुजी परटाला बोलावणं गेलं. नत्थुजी म्हणजे गावातला सगळ्यात स्पष्टवक्ता माणूस. सगळ्या गावाची धुणी ज्याच्या घाटावर येतात त्याला कोणाची भीड कशाला असेल? त्याने गादीभोवती एक चक्कर मारली.

"खोळ काढा."

"खोळ काढाची नाई," खुशालराव म्हणाले.

"मंग धुवाचं काय?"

"वरच्यावर धुवाचं."

"पाटील," नत्थुजी म्हणाला, "मी चाळीस वर्सं कपडे धुऊन राहिलो. पण माणूस आत ठेवून सदरा नाई धुतला आजवरी."

"तुले धुवाचं हाय का बोलाचं हाय?"

"बोलाचं होतं. पण धुतो."

रागारागाने नत्थुजीने खाराचं पाणी कालवलं. एवढा घट्ट डाग म्हटल्यावर त्याने खार दुप्पट घातला आणि भिजवलेलं फडकं गादीवर खसाखसा घासलं. रक्ताचे डाग होते तसेच राहिले. पण पिवळा पंजा बघता बघता नारिंगी झाला, नारिंगीचा तांबडा झाला आणि तांबड्याचा असा लालभडक झाला, की जणू कोणाचा तरी खून पाडून त्या हाताने खुनी गादीला टेकला होता.

मग दुर्गाबाईंचा स्फोट झाला.

"हळदीले खार लागला का कुकू होते! कुकू! पोरीसोरीले मालूम हाय हे! तुमा दोघायले अकला हायेत का नाई?"

"मले काय मालूम थे हळद हाय?" नत्थुजीही चिडला. "मले वाटलं पाटलाचा हात मळला असन!"

"लिंबू आणा," खुशालराव म्हणाले. "आंबट लावलं का उतरते."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. लिंबू पिळताच पंजा पुन्हा पिवळा झाला. खुशालरावांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं. पण लिंबाचे डाग नकोत म्हणून नत्थुजीने त्यावर मघाचंच फडकं फिरवलं आणि पंजा पुन्हा लाल झाला. पुन्हा लिंबू, पुन्हा पिवळा. दुसऱ्यांदा चुकून खाराचा हात लागला, पुन्हा लाल. चार लिंबं संपली, नत्थुजीचा धीर संपला, दुर्गाबाईंचा तर केव्हाच संपला होता.

"ऊन," नत्थुजी फडकं आपटून म्हणाला. "हळद फक्त उन्हाले भेते. गादी उन्हात टाका, दोनतीन दिवसात उडन. रक्ताचं माह्यानं नाई होत. ते तुमी शिजवून खाल्लं."

"दोनतीन दिवस? इहीनबाई दुपारी येऊन राहिल्या!"

"मंग त्यायले सांगा डोळे मिटून या."

दुसरा इलाजच नव्हता. खुशालराव आणि नत्थुजीने गादी दोन बाजूंनी धरून उचलली आणि अंगणातल्या बाजेवर आणून टाकली. नत्थुजी मध्येच थांबला.

"पाटील, घागरभर पाणी प्याली तरी गादी एवढी हलकी कशी?"

"तू निघ आता," खुशालराव म्हणाले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात; खुशालरावांच्या मनात तर भरदुपारचं ऊन पडलं होतं. ते गादीशेजारी पहारा देत बसले. दुर्गाबाई स्वयंपाकघरात पुरण वाटत होत्या. वाटत होत्या म्हणजे पाट्यावर नवऱ्याचं नाव घेऊन वरवंटा चालवत होत्या. इकडे ऊन चढलं तसं कढत पाण्यात भिजलेलं कुटार आतल्या आत चांगलं शिजायला लागलं. गोड, आंबूस, गरम वास अंगणभर दरवळला.

"कायचा वास येऊन राहिला वं?" दुर्गाबाईंनी आतून विचारलं.

"गोठ्याचा," खुशालराव ओरडले. "वारा फिरला."

वारा फिरला नव्हता. वारा वाहतच नव्हता.

आणि पाहुणे ठरल्या वेळेच्या आधी आले. दमणी दारात थांबली. पुढे चंद्रभानजी, डोक्याला मोठं पागोटं. मागून माणिकबाई उतरल्या. उंच, सावळ्या आणि चेहऱ्यावरून हसण्याचं फारसं वेड नसलेल्या. दुर्गाबाईंनी घाईघाईने हात पुसले, एक मळकट चादर गादीवर टाकली आणि पाहुण्यांच्या पायांवर पाणी घातलं.

"या इहीनबाई, ओट्यावर बसा."

"बसतो. पण आदी गादी दाखवा," माणिकबाई म्हणाल्या. "खोटं काहून बोलू, त्याच्याचसाठी येवढी हाडं खिळखिळी करून घेतली मी. आमच्या घरी तं गादीच नाई राहिली. आमची बैलानं खाल्ली."

"बैलानं? गादी?"

"सारीच्या सारी. येडा झाला म्हणते."

"जाऊ दे ना आता," चंद्रभानजी मध्येच म्हणाले आणि खुशालरावांकडे न बघता पागोटं नीट करू लागले. खुशालरावही त्यांच्याकडे न बघता आभाळाकडे बघू लागले.

एवढ्यात गाडीवानाने बैल सोडले. अकोल्याहून थकून आलेला बैल सोडला म्हणजे आधी पाण्याकडे जातो. त्यातला तांबडा बैल पाण्याकडे गेला नाही. त्याने मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि हौदाला वळसा घालून थेट बाजेकडे निघाला.

"धरा!" चंद्रभानजी ओरडले. "धरा त्याले! त्याले गादीतलं कु—"

आणि त्यांनी जीभ चावली. पण बैलाने तोपर्यंत चादर शिंगाने बाजूला सारली होती. लालभडक पंजा आणि विटकरी डाग उन्हात झळकले. माणिकबाईंनी छातीवर हात ठेवला. दुर्गाबाईंना वाटलं, संपलं, अपशकुन बघितला विहिणीने. पण बैलाला शकुन-अपशकुनाशी काही कर्तव्य नव्हतं. त्याने गादीचा कोपरा दातात धरून हिसडा दिला. खोळ टर्रकन फाटली. आधी थोडीशी रुई भुरभुरली आणि मग भसाभसा, धबाधबा, वाफाळतं, शिजलेलं तुरीचं कुटार अंगणात ओसंडलं. दुसराही बैल आला. दोघे मिटक्या मारत जेवू लागले.

अंगणात तेवढा एकच आवाज होता.

दुर्गाबाई पुढे गेल्या. त्यांनी वाकून मूठभर कुटार उचललं, बोटांतून सोडलं, परत उचललं. रागाने माणूस ओरडतो हे खुशालरावांना ठाऊक होतं. त्या ओरडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. पण दुर्गाबाई हळू बोलल्या.

"तीन वर्सं मी पदर भरून आनला. सरकी काढता काढता बोटं सोलली माही. ते कुठी गेलं?"

दुर्गाबाईंची नजर गोठ्याकडे गेली. तिथे घरचे बैल उभे होते, शिंगांवर चांदी चमकत होती.

"पोरीच्या पाठीखालचा कापूस बैलाच्या शिंगावर चढवला?" आता आवाज चढला. "अन् वरून मले भेव देल्लं? लेकीचा संसार उसवते म्हणून? सकाळपासून मी देवीले हात जोडून राहिली, का माय, गादी उसवू नोको देऊ! माह्या तोंडून तुमचं पाप झाकून घेतलं! लाज नाई वाटली? माह्या लेकीच्या नावानं?" आणि एवढा वेळ अडवून धरलेलं पाणी त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं. त्याचाही त्यांना राग आला आणि त्यांनी हातातलं कुटार नवऱ्याच्या तोंडावर फेकलं.

पिवळ्या मिशीत कुटार अडकलेले खुशालराव आता बुडत्या माणसासारखे आधार शोधू लागले. त्यांनी समोर बोट दाखवलं.

"यायनंच सांगतलं मले! इवाईबुवानं! अमरावतीच्या बाजारात! 'गादीतला कापूस म्हंजे निजलेला कापूस, मीबी उठवला, तुमीबी उठवा,' असं हेच म्हणे!"

आता सगळ्यांनी चंद्रभानजींकडे पाहिलं. माणिकबाईंनी जरा उशिराच पाहिलं, कारण त्या अजून कुटार खाणाऱ्या आपल्या बैलाकडे बघत होत्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी सावकाश, पायरी पायरीने वर चढत होतं.

"म्हंजे," त्या म्हणाल्या, "आमचा बैल येडा नव्हता?"

चंद्रभानजी दोन पावलं मागे सरकले.

"भगत आनला तुमी त्याले पाहाले. गळ्यात ताईत बांधला. त्या मुक्या जनावराले धुरी देल्ली. अन् मी," माणिकबाईंचा आवाज कापायला लागला, "मी त्या बैलासाठी पाच सोमवार धरले! पाच सोमवार उपाशी राहिली मी! अन् बैल कुटार खाऊन राहिला होता?"

"तसं नाई वं, भाव असा होता का—"

"चूप बसा!"

हे दोन्ही विहिणी एकदम म्हणाल्या. मग माणिकबाई ओट्यावर जाऊन बसल्या, लुगडं सावरलं आणि म्हणाल्या, "इहीनबाई, तुमची पोरगी आज येत नाई."

दाराआड उभ्या असलेल्या मनकर्णाने चौकट घट्ट धरली.

"गादी भरल्याशिवाय नाई येत," माणिकबाई पुढे म्हणाल्या. "अन् गादी भरल्याशिवाय मीबी इथून हालत नाई. वावरात फरदड असन ना अजून?"

"हाय. शेवटची वेचणी राहिली."

"हे दोघं वेचतीन. हे दोघं सरकी काढतीन. गडीमाणसाचा हात लागू द्याचा नाई."

"अवो, व्याह्याच्या घरी इतके दिवस रायाचं?" चंद्रभानजी काकुळतीला आले. "लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, बैल येडा झाला."

दुसऱ्या दिवसापासून गावाने जे पाहिलं ते पुढे बरेच दिवस गावाला पुरलं. दोन घरंदाज शेतकरी, एकाच्या डोक्याला पागोटं आणि दुसऱ्याच्या बोटाला चिंधी, कमरेला ओटी बांधून उन्हात वाकून फरदड वेचत होते. बोंडांची टोकं हातांत रुतली की एकमेकांच्या नावाने शिव्या देत होते. दुपारी अंगणात समोरासमोर बसून आपापला रेचा फिरवत होते. "तुमी सांगतलं म्हणून," खुशालराव म्हणत. "मी सांगतलं अन् तुमी ऐकलं," चंद्रभानजी म्हणत. याखेरीज त्यांच्यात काही बोलणं होत नसे. चांदीच्या शेंब्या उतरवून दुर्गाबाईंनी आपल्या पेटीत ठेवल्या होत्या आणि किल्ली कमरेला लावली होती.

फाटक्या खोळीला अखेर गार पाणी आणि मीठ मिळालं. पंजा उन्हाने तीन दिवसांत उडवला. शिजलेलं रक्त मात्र फिक्या बदामी डागांच्या रूपाने राहिलं ते राहिलंच. मग दुर्गाबाईंनी खुशालरावांचं नवंकोरं, अजून घडीही न मोडलेलं धोतर काढलं आणि त्यांच्या समोर बसून, त्यांच्याकडे बघत, त्याची नवी खोळ शिवली.

सहाव्या दिवशी एक दलाल दारात आला. अंगणात पांढरीशुभ्र रुई बघून त्याने असा भाव सांगितला, की दोन्ही रेचे एकदम थांबले. चंद्रभानजींनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालरावांनी चंद्रभानजींकडे पाहिलं.

"कापूस विकाचा नाई," दुर्गाबाई आतून आल्या. "हे दोघं हायेत. पाह्यजे असन तं न्या."

"अन् नेण्याच्या आदी उसवून पाहून घेजा," माणिकबाई म्हणाल्या. दलाल काही न समजून निघून गेला. त्या दिवशी माणिकबाई हसल्याचं प्रथमच सगळ्यांनी पाहिलं.

अकराव्या दिवशी पिंजारी येऊन गेला. गादी भरली, शिवली. दुर्गाबाईंनी ती चारही बाजूंनी दाबून पाहिली, उचलून पाहिली, नाकाला लावून पाहिली, मग माणिकबाईंचा हात धरून त्यांना वर बसवलं. दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. एवढ्याशा अकरा दिवसांत त्या एकमेकींना 'इहीनबाई' सोडून 'वं' म्हणू लागल्या होत्या. खुशालरावांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. चंद्रभानजींनी दमणीच्या चाकांना तेल घातलं आणि आयुष्यात पुन्हा बाजारात कोणाला सल्ला द्यायचा नाही असं ठरवलं.

मनकर्णा नवं लुगडं नेसून दारात आली. डोळे रडून सुजलेले, मान खाली. या अकरा दिवसांत ती मोठ्यांच्या मध्ये एक शब्द बोलली नव्हती.

"माय, एक सांगू का वं?"

"सांग ना माय."

"सासूबाईची गादी तं बैलानं खाल्ली. मंग त्या भुईवर निजतीन अन् मी गादीवर?" तिने मान आणखी खाली घातली. "मले नाई झोप येनार तथी."

माणिकबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम कसातरीच झाला. दुर्गाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. लेकीचा त्यांना एवढा अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

"पोरी," खुशालराव क्षीण आवाजात म्हणाले, "बापा, थे काहून बोलली वं तू?"

माणिकबाईंनी कोपऱ्यातली फरदडीची टोपली पायाने रेच्याकडे सरकवली. चंद्रभानजींनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि ते पुन्हा खाली बसले.